मदत हवी आहे: व्हेरिएबल फॉन्टचं ठळक अक्षर फुगतंय

लोकहो, आमच्या वाचनालयाचा दिवाळी अंक यंदा वेबवर काढतोय, वसुबारसेला चढवायचाय आणि मी मथळ्यातच अडकलोय. फॉन्ट घेतलाय 'एक टाइप' या फॉन्टवाल्यांचा 'अनेक देवनागरी', व्हेरिएबलवाला, म्हणजे एकाच फाइलीत वजन (अक्षराची जाडी) १०० ते ८०० आणि रुंदी ७५ ते १२५ टक्के. आधी मुक्ता फॉन्टच्या चार वेगवेगळ्या फाइली लावायचो, म्हटलं ती कटकट तरी जाईल.

तर झालंय असं की एचटूला (मथळ्याच्या टॅगला) सीएसएस म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडात फॉन्ट-व्हेरिएशन-सेटिंग्ज या प्रॉपर्टीमधे वजन ८०० दिलं की अक्षर नुसतं जाड होत नाही, फुगतं. 'वैशिष्ट्यं' मधल्या ष्ट्यचा अक्षरशः शाईचा डाग पडलाय, मधली पांढरी जागा पार बुजली. आणि नुसतं फॉन्ट-वेट, म्हणजे जाडीची साधी प्रॉपर्टी, वापरलं तर ३०० काय नि ५०० काय सगळं सारखंच. फोनसाठी मीडिया क्वेरीत (लहान स्क्रीनपुरत्या वेगळ्या नियमात) रुंदी ७५ केली तर जाडी गेली, पातळ अक्षर आणि वर तोच फुगवटा. फाइल खराब म्हणावी तर फॉन्टच्या पानावर स्लायडर मस्त चालतोय. कुठे चुकतंय?

प्रतिसाद १
फॉन्ट-फेसमधे, म्हणजे जिथे फॉन्टची फाइल जोडतोस त्या नियमात, फॉन्ट-वेट १०० ८०० अशी रेंज लिहिलीयस का? नसेल तर ब्राउझर ती फाइल ४०० चीच धरतो. एचटू मुळातच बोल्ड, मग तो स्वतःच खोटा बोल्ड चढवतो आणि तू खरा ८०० आधीच दिलेला, म्हणजे जाडीवर जाडी. खात्री करायची तर फॉन्ट-सिंथेसिस नन (खोटा बोल्ड बंद) टाकून बघ, फुगवटा लगेच उतरेल.

प्रतिसाद २
+१. आणि व्हेरिएशन-सेटिंग्ज सोडून दे बाबा, ती प्रॉपर्टी आख्खी बदलली जाते, तू खाली फक्त रुंदी लिहिलीस की वरचं वजन उडालंच. फॉन्ट-फेसमधे फॉन्ट-स्ट्रेच (रुंदी) ७५% १२५% पण लिही, मग फॉन्ट-वेट आणि फॉन्ट-स्ट्रेच वेगवेगळे वापर, एकमेकांच्या पायात येत नाहीत.

धागाकर्ता
झालं!! रेंज लिहिलीच नव्हती, जुन्या मुक्ताच्या ओळीतलं फक्त फाइलीचं नाव बदललं होतं आणि वजनाची ओळ कुठेतरी खोडली गेली. आता ष्ट्यची पोटं उघडी आहेत आणि फोनवर मथळा एका ओळीत बसतोय. संपादक काकांना दाखवलं तर म्हणे आधीचंच बरं होतं, ठसठशीत दिसायचं.