मॅटरचा डिमर फोनवर चालतो, लिनक्सवर टाइमआउट. मदत हवी आहे

अडकलेला_बाइट
मॅटरवर (स्मार्ट घरातल्या साधनांची सामायिक भाषा) चालणारा एक डिमर बनवतोय. फोनच्या अ‍ॅपमध्ये पहिल्या फटक्यात जोडला गेला. चालू-बंद होतो, उजेड कमीजास्त होतो, सगळं छान. आता तोच डिमर लिनक्सच्या बॉक्सवरून चिप-टूलने (मॅटरची साधनं जोडून तपासायचा कमांडवरचा प्रोग्राम) जोडायला गेलो की टाइमआउट. दोन रात्री गेल्या. डिमर तोच, कोड तोच, घर तेच. "एकदा बनवा, कुठेही जोडा" असं सांगतात ना मॅटरबद्दल? मग ही काय भानगड आहे? जाणकारांनी प्रकाश टाकावा, आणि जरा लवकर. शुक्रवारी दाखवायचंय.

सोल्डरसम्राट
कुठली चिप? वायफाय की थ्रेड? लॉग कुठाय?

अडकलेला_बाइट
लिहिलंय की, मॅटर आहे. लॉगची शेवटची ओळ: एरर ३२, टाइमआउट.

सोल्डरसम्राट
अहो, मॅटर ही बोली झाली. ती वायफायवरून बोलतात, इथरनेटवरून बोलतात, थ्रेड या छोट्या साधनांच्या बिनतारी जाळ्यावरूनही बोलतात. "मी मराठीत बोलतोय" एवढंच सांगितलंत तर तुम्ही फोनवर आहात की गच्चीवरून ओरडताय, हे आम्हाला कसं कळावं?

आज्जीचा_वायफाय
राउटर बंद करून अर्धा मिनिट थांबा आणि परत लावा. आणि राउटरमधलं आयपीव्ही६ आधी बंद करा. माझ्याकडे असे चित्रविचित्र टाइमआउट यायचे, ते बंद केल्यापासून एकदाही नाही.

पॅकेटपाहुणा
@आज्जीचा_वायफाय, कृपा करून हा सल्ला इथे देऊ नका. मॅटर आयपीव्ही६वरच चालतं. ते बंद केलंत तर आज जे फोनवर चालतंय तेही झोपेल.

आज्जीचा_वायफाय
मी अनुभवाचं सांगितलं. पुस्तकी ज्ञान प्रत्येकाकडे असतं.

अडकलेला_बाइट
माझा इंटरनेटवाला आयपीव्ही६ देतच नाही. म्हणजे तेच कारण का?

पॅकेटपाहुणा
नाही. बाहेरच्या आयपीव्ही६ची गरज नसते. एफई८०ने सुरू होणारे लिंक-लोकल पत्ते आणि एफडीने सुरू होणारे घरगुती पत्ते, एवढ्यावर घरातल्या घरात काम भागतं. इंटरनेट तुटलं तरी दिवा लागायला हवा, हाच तर हेतू आहे. आता सम्राटांच्या प्रश्नांची उत्तरं द्या बघू.

अडकलेला_बाइट
ईएसपी३२-सी६. थ्रेडवर. एसडीकेमधलं (मॅटरच्या तयार कोडच्या संचातलं) लाइटचं उदाहरण घेऊन त्यात माझा पीडब्ल्यूएमचा (उजेड कमीजास्त करणारा) कोड घातलाय. जोडणीचा कोड ३४९७०११२३३२. टर्मिनलवर डिमर चालू होताना जो छापून येतो तोच.

तिसरीपायरी
थ्रेडसाठी धागा काढलात, योग्यच केलंत. (हलके घ्या.)

झिगझॅग
थ्रेड वाचलं आणि पुढे वाचलंच नाही. हेच झिगबीवर (आधीपासूनच्या बिनतारी प्रणालीवर) केलं असतंत तर एक डोंगल, एक कोऑर्डिनेटर (जाळं सांभाळणारा मुख्य), निरोप पोचवायला एमक्यूटीटी, दहा मिनिटांत मोकळे. माझ्याकडे चाळीस साधनं वर्षानुवर्षं चालू आहेत. या नव्या फॅशनच्या मागे लागून लोक रात्री का जाळतात कळत नाही. हे माझं वैयक्तिक मत.

सोल्डरसम्राट
@झिगझॅग, ती फॅशन तुमच्याच माहेरची आहे. झिगबी अलायन्सनेच २०२१ साली कनेक्टिव्हिटी स्टँडर्ड्स अलायन्स असं नाव घेतलं आणि मॅटर हे नावही तेव्हाच जाहीर केलं. त्याआधी २०१९च्या डिसेंबरात अ‍ॅमेझॉन, अ‍ॅपल, गूगल आणि झिगबी अलायन्स यांनी मिळून हे काम सुरू केलं, तेव्हा त्याला प्रोजेक्ट चिप म्हणत. चिप-टूल हे नाव तिथूनच आलंय. थ्रेडचा रेडिओसुद्धा झिगबीसारखाच, ८०२.१५.४ या मानकाचा.

झिगझॅग
रेडिओ तोच ना? मग गाडीला नवा रंग देऊन विकतायत, एवढंच.

सोल्डरसम्राट
रंग नव्हे, गाडीच वेगळी. थ्रेडमध्ये प्रत्येक साधनाला स्वतःचा आयपी पत्ता असतो. झिगबीत नसतो, मधे कुणीतरी दुभाष्या लागतो. तुमचा कोऑर्डिनेटर गेला की चाळीसही साधनं मुकी. थ्रेडमध्ये बॉर्डर राउटर (थ्रेड आणि घरचं नेटवर्क जोडणारे) दोन-तीन ठेवता येतात, एक गेला तरी दुसरा सांभाळतो.

झिगझॅग
माझा कोऑर्डिनेटर अजून गेलेला नाही.

तिसरीपायरी
धागा भरकटतोय. @अडकलेला_बाइट, चुकीचा कोड वापरताय. तो ३४९... वाला कोड डिमर कोरा असताना चालतो. एकदा फोनशी जोडला गेला की डिमर ब्लूटूथवरून "मला घ्या" म्हणून हाका मारणं थांबवतो. दुसऱ्या ठिकाणी जोडायचा तर पहिल्या अ‍ॅपमध्ये जाऊन जोडणीची खिडकी परत उघडायला सांगायची. अ‍ॅप त्या वेळेपुरता नवा कोड देतं, तो चिप-टूलला द्यायचा. खिडकी जास्तीत जास्त १५ मिनिटं उघडी राहते, तेव्हा कोड काढून चहाला जाऊ नका.

कागदीघोडे
फोनने "हे साधन प्रमाणित नाही" असा इशारा दिला असेल आणि तुम्ही "तरीही जोडा" दाबलं असेल. उदाहरणातला व्हेंडर आयडी (उत्पादकाचा क्रमांक) हा चाचणीसाठी राखीव असतो, एफएफएफ१ ते एफएफएफ४. विकायचं असेल तर संघटनेचं सदस्यत्व घ्या, स्वतःचा व्हेंडर आयडी घ्या, प्रत्येक नगाला वेगळं डिव्हाइस अटेस्टेशन सर्टिफिकेट द्या, प्रमाणन झाल्यावर त्याची नोंद वितरित खातेवहीत होते. शेवटच्या आठवड्यात कुणीही हे उरकू शकत नाही. आताच सुरुवात करा.

अडकलेला_बाइट
@कागदीघोडे, मला विकायचा नाहीये. शुक्रवारी टीमला दाखवायचाय.

कागदीघोडे
आज सगळे असंच म्हणतात.

अडकलेला_बाइट
@तिसरीपायरी, नवा कोड घेतला, थोडी प्रगती आहे. आता चिप-टूलला डिमर सापडतो! नाव, पत्ता सगळं दिसतं. पण पुढे परत तेच, एरर ३२. अ‍ॅपवरून अजूनही मस्त चालतोय. आता तर डोकंच फिरलं. सापडतो तर बोलत का नाही?

आज्जीचा_वायफाय
मल्टिकास्ट (सगळ्यांना एकदम मारलेली हाक) अडतंय. राउटरमध्ये आयजीएमपी स्नूपिंग म्हणून एक खूण असते, ती काढा.

पॅकेटपाहुणा
मल्टिकास्ट अडलं असतं तर डिमर सापडलाच नसता. शोधाचं काम एमडीएनएसवर, म्हणजे अशाच हाकांवर चालतं, आणि थ्रेडमधल्या साधनाच्या वतीने हाकेला ओ देतो तो बॉर्डर राउटर. म्हणजे "इथे असा असा डिमर आहे, त्याचा पत्ता हा" हे तुम्हाला डिमरने सांगितलंच नाही, शेजाऱ्याने सांगितलं. पत्ता मिळाला म्हणजे घरी जायचा रस्ता मिळाला असं नाही.

@अडकलेला_बाइट, दोन गोष्टी टाका. एक, लॉगमधल्या शेवटच्या ओळीच्या वरच्या तीस ओळी. दोन, लिनक्सवरचे आयपीव्ही६चे पत्ते आणि आयपीव्ही६चा रूट टेबल (कुठल्या पत्त्याला कुठून जायचं त्याची यादी).

अडकलेला_बाइट
वरच्या ओळी वॉर्निंगसारख्या वाटल्या म्हणून टाकल्या नव्हत्या. आठ-दहा वेळा हेच आलंय: "नेटवर्क इज अनरीचेबल". मग टाइमआउट.
पत्ते: फक्त एक, एफई८०चा.
रूट: फक्त एफई८०::/६४.

पॅकेटपाहुणा
वॉर्निंगसारख्या! अहो, रोगाचं नाव तिथे लिहिलंय आणि तुम्ही आम्हाला मृत्यूचा दाखला आणून दाखवलात.

बॉर्डर राउटर दर थोड्या वेळाने घरच्या नेटवर्कवर राउटर अ‍ॅडव्हर्टाइझमेंट पाठवतो. त्यात दोन निरोप असतात. पहिला, "घरात आयपीव्ही६ कुणी देत नसेल तर हा एफडीचा प्रिफिक्स (पत्त्याचा सुरुवातीचा भाग) घ्या आणि स्वतःला पत्ता लावा". दुसरा, "थ्रेडच्या पलीकडे जायचं असेल तर माझ्यामार्फत या". फोन दोन्ही ऐकतो म्हणून तिथे चालतं. तुमच्या लिनक्सने एकही ऐकलेला नाही. एफडीचा पत्ता नाही, थ्रेडकडचा रस्ताही नाही. बॉक्सवर डॉकर (प्रोग्राम वेगवेगळ्या डब्यांत चालवणारं) आहे का?

अडकलेला_बाइट
हो आहे, पण चिप-टूल डॉकरमध्ये चालत नाहीये. थेट बॉक्सवर चालतंय. डॉकरचा काय संबंध?

पॅकेटपाहुणा
डॉकरच्या सेटिंगमध्ये कधी आयपीव्ही६ चालू केलं होतंत?

अडकलेला_बाइट
...हो. तीन महिन्यांपूर्वी, दुसऱ्याच कशासाठी तरी. विसरलोच होतो.

पॅकेटपाहुणा
सापडलं. आयपीव्ही६ चालू केलं की डॉकर कर्नलला फॉरवर्डिंग (दुसऱ्यांची पाकिटं पुढे पाठवणं) चालू करायला सांगतो. फॉरवर्डिंग चालू झालं की लिनक्स स्वतःला राउटर समजायला लागतो, आणि राउटर दुसऱ्या राउटरच्या जाहिराती ऐकत नाही. नेटवर्क इंटरफेसचं अ‍ॅक्सेप्ट-आरए (या जाहिराती ऐकायची सेटिंग) १ असेल तर ते तिथेच थांबतं. त्याला २ करा, म्हणजे फॉरवर्डिंग असूनही ऐकेल. मोबाइलवरून लिहितोय, कीबोर्ड देवनागरीवर अडकलाय, सिसकटीएलमध्ये (कर्नलच्या सेटिंगमध्ये) नाव शोधून घ्या. आणि बॉक्सवर नेटवर्कमॅनेजर असेल तर आधी सांगा, तो या जाहिराती स्वतःच हाताळतो, मग कर्नलला विचारून उपयोग नाही.

अडकलेला_बाइट
नेटवर्कमॅनेजर नाही. २ केलं, इंटरफेस खालीवर केला. आता एफडीचा पत्ता आला! पण डिमरला पिंग केलं तर अजूनही अनरीचेबल. परत डोकं फिरलं.

सोल्डरसम्राट
निम्मं झालं. पहिला निरोप ऐकला, दुसरा अजून कानाआड. अ‍ॅक्सेप्ट-आरए-आरटी-इन्फो-मॅक्स-पीलेन अशी एक लांबलचक सेटिंग आहे. तिची मूळ किंमत ० असते, म्हणजे "कुणी रस्ता सांगितला तरी मनावर घेऊ नको". ती ६४ करा, थ्रेडचा प्रिफिक्स ६४चाच असतो. आणि दोन्ही बदल फाइलमध्ये लिहून ठेवा, नाहीतर बॉक्स रीस्टार्ट झाला की परत इथेच येऊन रडाल.

मऊमाती
मी पण अशाच एका प्रकल्पावर आहे. मॅटरमध्ये कॅमेरा आलाय का? माझा दाराचा कॅमेरा कुठल्याच अ‍ॅपला जोडला जात नाही.

तिसरीपायरी
१.५ आवृत्तीत आलाय, नोव्हेंबर २०२५मध्ये. पण तुमचा कॅमेरा त्याआधीचा असेल तर तो आपोआप मॅटरचा होणार नाही. कृपया वेगळा धागा काढा.

अडकलेला_बाइट
झालं!!! रूट टेबलमध्ये एफडी...::/६४, बॉर्डर राउटरच्या एफई८० पत्त्यामार्फत, शेवटी "प्रोटो आरए". पिंग लगेच गेलं. फोनवर खिडकी परत उघडली, नवा कोड दिला आणि चिप-टूलने पाचेक सेकंदांत जोडला. फोनवरून उजेड कमी केला की लिनक्सवर आकडा लगेच बदलतो. @पॅकेटपाहुणा, @सोल्डरसम्राट, @तिसरीपायरी, अनेक आभार. डॉकरला शिव्या द्यायच्या की स्वतःला, ते ठरवतोय.

झिगझॅग
म्हणजे एक दिवा लावायला कर्नलच्या दोन सेटिंग बदलाव्या लागल्या. मी काय म्हणत होतो?

सोल्डरसम्राट
दिवा पहिल्या दिवसापासून लागत होता. अडचण यांच्या बॉक्सची होती. आणि तुमचा दिवा तुमच्याच कोऑर्डिनेटरपुरता आहे. यांचा एकाच वेळी फोनमध्येही आहे आणि चिप-टूलमध्येही. किमान पाच फॅब्रिक (अशा स्वतंत्र जोडण्या) ठेवायची सोय प्रत्येक साधनात असायलाच लागते.

झिगझॅग
मला एकच घर आहे. पाच कशाला?

अडकलेला_बाइट
एक शेवटची शंका, मग धागा बंद. फोनवर स्लायडर पूर्ण वर नेला तरी माझा सीरियल मॉनिटर ९९ टक्केच दाखवतो. १०० कधीच येत नाही. कोड:
टक्के = लेव्हल * १०० / २५५

तिसरीपायरी
लेव्हल कंट्रोल क्लस्टरमध्ये (मॅटरच्या उजेडाची पातळी ठरवणाऱ्या भागात) लेव्हल २५४पर्यंतच जाते. २५५ म्हणजे "किंमत माहीत नाही". २५४ गुणिले १०० भागिले २५५ हे ९९.६ येतं, आणि पूर्णांकात त्याचं ९९ होतं. २५४ने भागा. पीडब्ल्यूएमच्या कोडातही २५५ असेल तर तोही बघा, दिवा अजून एकदाही पूर्ण उजळलेला नाही.

अडकलेला_बाइट
आहे. तिथेही २५५ आहे.

आज्जीचा_वायफाय
मी राउटर रीस्टार्ट करायला सांगितलं होतं, ते केलंत का शेवटी?

कागदीघोडे
व्हेंडर आयडीचं विसरू नका.