१०६६ आधी इंग्रजांना प्रेम ठाऊकच नव्हतं म्हणे!

उंबरकर_
काल इथे एकाने ठोकून दिलं की १०६६ मध्ये फ्रान्सहून नॉर्मन आले, इंग्लंड जिंकलं, म्हणून इंग्रजी कवितेत प्रेम आलं, त्याआधी नुसत्या तलवारी आणि मेजवान्या. वर शंभर लाइक! अहो, इंग्लंडातल्या एक्सेटर कॅथीड्रलचं जुन्या इंग्रजी कवितांचं हस्तलिखित दहाव्या शतकातलं. बिशप लिओफ्रिकने ते कॅथीड्रलला दिलं, आणि तो वारला १०७२ मध्ये. त्यात 'द वाइफ्स लमेंट' ही कविता आहे. नवऱ्यापासून तुटलेली बाई ओकच्या झाडाखाली, जमिनीतल्या खोपीत राहते. बाकीची जोडपी पहाटे अंथरुणात, ही एकटी झाडाखाली येरझारा घालतेय. हे प्रेम नाही तर काय वतनाचा दावा?

खडूस_काका
तो 'एक' मीच. लिहिणारा बहुतेक मठातला साधू, आणि विरह म्हणजे प्रेमकविता नव्हे. आर्जवं, रुसवेफुगवे हे बाराव्या शतकातल्या त्रुबादूरांचं, म्हणजे दक्षिण फ्रान्सच्या प्रेमगीतं रचणाऱ्या कवींचं. तुमच्या जुन्या इंग्रजांचा जीव धन्यावर. त्याच हस्तलिखितातल्या 'द वॉन्डरर' कवितेतला एकटा माणूस स्वप्नात धन्याला मिठी मारतो, मुका घेतो, त्याच्या मांडीवर डोकं टेकतो. जाग येते तर समुद्रपक्षी पंख पसरून न्हातायत, बर्फ पडतंय. सुंदर आहे, मान्य. पण ही मैत्री नाही, चाकरी. धनी चाकरीबद्दल सोन्याची कडी वाटायचा ना!

मीठभाकर
धनी केव्हाच मातीत गेलाय काका, पगार बंद. तरी स्वप्नात येतोच की! ९९१ च्या मॉल्डनच्या लढाईवरच्या कवितेत धनी बिर्टनॉथ पडल्यावर त्याचा म्हातारा योद्धा बिर्टवोल्ड काय म्हणतो? मी हलणार नाही, या माझ्या लाडक्या माणसाशेजारीच पडणार. हे कड्यांसाठी?

एमए_नापास
आम्हाला हे कोणी सांगितलंच नाही! सरांनी वर्षभर गाईड वाचून दाखवलं. 'बेवुल्फ' या जुन्या इंग्रजी महाकाव्याची वैशिष्ट्ये, मुद्दे दहा. निरोप देताना म्हातारा राजा ह्रॉथगार वीर बेवुल्फला कवटाळून रडतो, हे नोकरीला लागल्यावर कळलं.

गावठी_गडी
गाईडला नावं ठेवू नका. आमच्या कॉलेजात ग्रंथालयाला कायम कुलूप, किल्ली कारकुनाच्या खिशात. गाईड नसतं तर आज मी शेळ्या राखत असतो.

एमए_नापास
म्हणून कविता न वाचताच एमए व्हायचं?

गावठी_गडी
तुम्ही वाचून तरी कुठे झालात? नावातच लिहिलंय.

मीठभाकर
😂 आमच्याकडे तर गाईड लिहिणारेच पेपर काढायचे.

उंबरकर_
गाईडचा वेगळा धागा काढा रे! त्याच हस्तलिखितातली 'वुल्फ अँड इडवेकर' घ्या. उण्यापुऱ्या १९ ओळी. वुल्फ एका बेटावर, बोलणारी बाई दुसऱ्या. म्हणते, मी खंगले ती उपासाने नाही, तू क्वचित येतोस म्हणून. काका, हा रुसवा चालेल?

खडूस_काका
चालेल, चालेल. दोन बायका रडल्या, झाली परंपरा उभी! तिसरी आणा.

उंबरकर_
तिसरा पुरुष आहे. 'द हजबंड्स मेसेज', त्याच हस्तलिखितात. नवऱ्याने धाडलेली निरोपाची काठीच बोलते: कड्यावर कोकिळ ऐकलास की गलबतात बस. फक्त ती पानं भाजलीत, मधल्या ओळी गेल्यात.

खडूस_काका
जळका पुरावा? वा! वकील करा.