पणजीत नुसत्या ड्रॉइंगची प्रदर्शनं कुठे बघायला मिळतात?

प्रश्न: पेंटिंग्ज सगळीकडे दिसतात पण कोळसा, पेन, शाई असलं कागदावरचं काम मला बघायचंय, आणि एका छोट्या गॅलरीत गेलो तर लाईट एवढी मंद की जवळ जाऊन बघावं लागलं, असं का करतात?

कांपालकर: आल्तिनो टेकडीवर सुनापरान्त या कलाकेंद्राकडे लक्ष ठेव, तिथे जवळच आर्ट कॉलेजपण आहे. लाईट मुद्दाम कमी ठेवतात, कागदाला साधारण ५० लक्सच (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) देतात, नाहीतर कागद पिवळा पडतो, काही शाया तर उडूनच जातात आणि गेलेला रंग परत येत नाही.

साळगावची: जवळ जाऊनच बघ रे, त्यातच खरी मजा! कोळशाची रेघ कुठे दाबलीय, कुठे बोटाने पुसलीय, खोडलेली जुनी रेघ खाली कशी राहिलीय ते सगळं दिसतं, कॅनव्हासवर रंगाखाली हे झाकलं जातं. आमच्या साळगावात १९२४ साली जन्मलेल्या चित्रकार एफ. एन. सूझाची पेनाने काढलेली डोकी कधी मिळाली तर सोडू नको, काय जोर आहे त्या रेघेत!

कांपालकर: आणि विकत घेतलंस तर पावसाळ्यात सांभाळ हां, आपल्याकडच्या दमटपणात कागदावर बुरशीचे तपकिरी ठिपके येतात. ॲसिड नसलेल्या (ॲसिड-फ्री) पुठ्ठ्यावर माउंट कर, काच चित्राला टेकू देऊ नको, घराच्या बाहेरच्या बाजूच्या, ओल येणाऱ्या भिंतीवर तर लावूच नको.