'लवकर लग्न' की 'बालविवाह'? आणि जेंडरला काय म्हणायचं?

दिचोलीकरीण:
भाचीचा एमएचा प्रोजेक्ट चाललाय, कमी वयातली लग्नं नि सामाजिक विषमता, आणि प्रश्नावली मराठीत करायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. तिने आधीच लिहून आणलेलं, "तुमचं लग्न लवकर झालं का?" शेजारच्या मावशींना विचारून बघितलं तर म्हणतात, "लवकरच की गो, शिगम्याला बघून गेले नि अक्षयतृतीयेला लग्न!" वय विचारलं तर २६. तोवर भाचीची 'हो'वर टिक मारून झालेली. लवकर म्हणजे घाईत, वयाचा संबंधच नाही. काय लिहू?

फोंडेकर:
बालविवाह लिहा ना, कायद्यातलाच शब्द आहे.

दिचोलीकरीण:
तो ऐकला की डोळ्यासमोर परकरातली आठ वर्षांची नवरी येते, 'अष्टवर्षा भवेद् गौरी'वाली. अभ्यासात मोजतात ते वेगळंच, २० ते २४ वयाच्या बायकांपैकी कितीजणींचं लग्न १८ पूर्ण व्हायच्या आधी झालं. २०१९-२१ च्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशात २३.३ टक्के, महाराष्ट्रात २१.९, आपल्या गोव्यात ५.८. यात सतरा वर्षांची, बारावीत बसलेली पोरगीपण आली, तिला कोणी 'बाल' म्हणत नाही, घरच्यांना तर ती उपवरच वाटते.

म्हापशेकर वकील:
कायदा तर आणखी मजेशीर आहे. २००६ च्या कायद्यात मुलगी १८ पर्यंत बालक नि मुलगा २१ पर्यंत. म्हणजे विसाव्या वर्षी मतदान करून आलेला मिशीवाला नवरा कायद्याने बालक, आणि त्याची १९ ची नवरी मोठी! बायको लहानच हवी हे गृहीत धरूनच हे आकडे बसवलेत असं माझं मत. आणि बालविवाह रोखणारा १९२९ चा सारडा कायदा इथे नव्हता हो, आपण तेव्हा पोर्तुगीज अमलाखाली.

फोंडेकर:
बरं मग जेंडरला लिंगच ना?

काणकोणची:
लिंग शरीराचं, समाजाने बाई-पुरुष म्हणून चिकटवलेलं ते लिंगभाव, विद्यापीठात हाच शब्द चालतो. पण जिभेवर बसत नाही हे खरं. त्यापेक्षा आपली कोंकणी बघा, धाकट्या मुलीला 'तें आयलें', थोरल्या बायलेला 'ती आयली'. मी ४१ ची, दोन पोरांची आई, घरात अजून तेंच! लिंगभाव समजावायला यापेक्षा चांगलं उदाहरण मिळायचं नाही.

दिचोलीकरीण:
भारीच! हे भाचीला पाठवते. प्रश्न आता "लग्न झालं तेव्हा वय किती होतं" असा केलाय.

म्हापशेकर वकील:
थांबा, 'पूर्ण' घाला. आपल्याकडे "अठराव्या वर्षी लग्न झालं" म्हणतात तेव्हा अठरावं लागलेलं असतं, पूर्ण सतराच. तुमच्या फॉर्मात १८ पडणार नि ती बाई मोजणीतून सुटणार.

दिचोलीकरीण:
अरे देवा. चाळीस फॉर्म भरून झालेत.

काणकोणची:
परत जा गो, निदान ज्यांनी १८ सांगितलं त्यांच्याकडे तरी. आणि वय विचारूच नको, जन्मसाल नि लग्नसाल महिन्यासकट विचार, लग्नाची पत्रिका बऱ्याचजणींच्या कपाटात असतेच.