अमेरिकन स्वातंत्र्ययुद्ध : दोन्ही बाजूंची शपथ घेणाऱ्यास शपथभंगी म्हणावे काय?

प्रश्न :
अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धाविषयी (१७७५-१७८३) वाचताना निष्ठेच्या शपथांचा उल्लेख वारंवार येतो. एकाच माणसाने आधी राजा तिसरा जॉर्ज याच्याशी निष्ठा जाहीर केली आणि काही महिन्यांनी तीच निष्ठा नाकारणाऱ्या कागदावर सही केली, अशीही उदाहरणे आढळतात. शपथ ही देवासमोर दिलेली जबान मानणाऱ्या त्या समाजात हे लोकांना कसे पचले असेल? अशा माणसांना शपथभंगी म्हणणे न्याय्य ठरेल काय?

प्रतिसाद १ :
न्यू जर्सीचा क्रम पाहिला, तर हा दोष माणसांपेक्षा परिस्थितीकडे अधिक जातो, असे माझे मत आहे. ३० नोव्हेंबर १७७६ रोजी ब्रिटिश सेनापती हाउ बंधूंनी जाहीर केले की, साठ दिवसांच्या आत हजर होऊन राजाशी निष्ठा कबूल करणाऱ्यास माफी मिळेल. स्वातंत्र्यवाद्यांचे सेनापती वॉशिंग्टन यांची फौज तेव्हा डेलावेअर नदीकडे माघार घेत होती, त्यामुळे हजारो लोकांनी सह्या केल्या आणि बदल्यात अभयपत्रे, म्हणजे संरक्षणाची लेखी हमी, घेतली. परंतु ब्रिटिशांच्या बाजूने लढणाऱ्या अनेक हेसियन (भाडोत्री जर्मन) सैनिकांना इंग्रजी वाचता येत नव्हते. शेतकऱ्याने दारात उभे राहून ते पत्र पुढे केले, तरी त्याची गुरे आणि धान्य नेले जाई.

पुढे ट्रेंटन येथे वॉशिंग्टन यांचा विजय झाल्यावर वारे फिरले. २५ जानेवारी १७७७ रोजी वॉशिंग्टन यांनी मॉरिसटाउन येथून हुकूम काढला की, अभयपत्र घेतलेल्यांनी तीस दिवसांत ते परत करून संयुक्त संस्थानांशी निष्ठेची शपथ घ्यावी, अन्यथा कुटुंबासह शत्रूच्या हद्दीत निघून जावे. हाउ बंधूंची साठ दिवसांची मुदत त्या दिवशी संपलेलीही नव्हती. या हुकमाला काँग्रेसमध्येच, म्हणजे बंडखोर वसाहतींच्या प्रतिनिधी सभेतच, आक्षेप घेतला गेला. न्यू जर्सीचे प्रतिनिधी अब्राहम क्लार्क यांची स्वाक्षरी स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यावर आहे, आणि तरीही, संस्थानांचा संघ रीतसर स्थापन झालेला नसताना त्याच्या नावाने शपथ कशी मागता येईल, असा त्यांचा प्रश्न होता.

प्रतिसाद २ :
दोनदा सही करणाऱ्यांबरोबर, एकदाही सही न करणाऱ्यांचाही विचार व्हावा. पेनसिल्व्हेनियाने जून १७७७ मध्ये कायदा करून अठरा वर्षांवरील गोऱ्या पुरुषांकडून राजनिष्ठेचा त्याग आणि संस्थानाशी निष्ठा अशी शपथ मागितली. नकार देणाऱ्यास मतदान करता येत नसे, बुडालेल्या कर्जासाठी दावा लावता येत नसे, जमिनीची खरेदी-विक्री करता येत नसे, आणि त्याची शस्त्रेही काढून घेतली जात.

युद्ध आणि शपथ दोन्ही नाकारणाऱ्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी नकार दिला तो शपथ त्यांच्या धर्मात निषिद्ध होती म्हणून, एवढेच सांगितले जाते. ते अपुरे आहे. देवाचे नाव न घेता नुसती प्रतिज्ञा करण्याची मुभा त्या कायद्यात होती. त्यांची खरी अडचण अशी की, युद्ध चालू असताना एका सत्तेला नाकारून दुसरीला मान्य करणे म्हणजे युद्धात बाजू घेणेच होय. मेनोनाइट या दुसऱ्या शांततावादी ख्रिस्ती पंथातील जर्मनांची अडचण आणखी वेगळी होती. त्यांच्यापैकी अनेकांनी किंवा त्यांच्या वाडवडिलांनी फिलाडेल्फियाच्या बंदरात उतरताना ब्रिटिश राजाला निष्ठेचे वचन दिलेले होते. सप्टेंबर १७७७ मध्ये, बहुतांशी क्वेकर असलेल्या सुमारे वीस जणांना खटला न चालवता व्हर्जिनियातील विंचेस्टर येथे हद्दपार करण्यात आले, आणि त्यांतील दोघे तिथेच मरण पावले. अंतःकरणाच्या स्वातंत्र्यासाठी वसलेल्या या वसाहतीत हे घडले, याचे मला आजही फार वाईट वाटते.

प्रश्नकर्ता :
दोन्ही प्रतिसादांबद्दल मनापासून आभार. मग शपथ मोडल्याबद्दल कोणाला प्रत्यक्ष शिक्षा झाली काय?

प्रतिसाद ३ :
झाली. दक्षिण कॅरोलायनातील स्वातंत्र्यवादी आयझॅक हेन यांचे प्रकरण यासाठी मुळातून समजून घ्यावे. मे १७८० मध्ये तिथले चार्ल्सटन शहर ब्रिटिशांच्या हाती पडल्यावर, पुन्हा न लढण्याच्या वचनावर अनेकांना घरी राहू दिले होते. परंतु ब्रिटिश सेनापती जनरल क्लिंटन यांनी ३ जूनच्या जाहीरनाम्याने ती सवलत २० जूनपासून रद्द केली, म्हणजे तटस्थ राहण्याची वाटच बंद झाली. हेन यांच्या घरात त्या वेळी देवीची साथ शिरली होती. चार्ल्सटनमध्ये त्यांच्यासमोर कैद किंवा राजनिष्ठेच्या कागदावर सही असे दोनच पर्याय ठेवले गेले. आपल्याच लोकांविरुद्ध शस्त्र धरावे लागणार नाही, या आश्वासनावर त्यांनी सही केली आणि ते घरी परतले.

पुढे त्यांना ब्रिटिशांच्या बाजूने लढण्यास बोलावले गेले, आणि तोवर त्यांच्या भागातून ब्रिटिशांचा अंमलही उठत चालला होता. संरक्षण संपले तशी शपथही संपली, असे मानून ते स्वातंत्र्यवाद्यांच्या सैन्यात गेले. जुलै १७८१ मध्ये ते पकडले गेले, आणि ४ ऑगस्ट रोजी रीतसर खटल्याविना त्यांना चार्ल्सटनमध्ये फाशी दिली गेली.

मूळ प्रश्नाचे माझे उत्तर हेन यांच्या या युक्तिवादातच आहे. १७७६ च्या जाहीरनाम्यात राजावर ठेवलेल्या आरोपांपैकी एक असा की, त्याने वसाहतवाल्यांना आपल्या संरक्षणाबाहेर ढकलले. संरक्षण नाही तर निष्ठाही नाही, हे तत्त्व एका देशाला लागू पडत असेल, तर ते आजारी कुटुंबाकडे परतण्यासाठी सही केलेल्या एका माणसालाही लागू पडले पाहिजे.