मदत हवी आहे : ‘मामंजी’ कुठल्या चौकटीत बसवायचे?

पुण्यातल्या कुटुंबांच्या वंशावळींतले नातेशब्द मानवशास्त्रज्ञ मर्डॉकने 1949 मध्ये मांडलेल्या नातेशब्दांच्या सहा प्रकारांत लावतोय. उल्लेखाचे आणि हाक मारण्याचे शब्द वेगळ्या रकान्यांत ठेवलेत. एकत्र केले की सगळा घोळ होतो. चुलत, मावस, मामे, आते हे चारही वेगळे, म्हणजे उल्लेखात प्रकार सुदानी (प्रत्येक नात्याला वेगळा शब्द). हाकेत मात्र सगळेच दादा-ताई, थेट हवाईयन (सगळ्या भावंडांना एकच शब्द)!

खरी अडचण सासरच्या शब्दांची. सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते, ते आतेभावाशी लग्नाच्या चालीतून सरळ सुटतं. पण सासऱ्याला ‘मामंजी’ का? त्यासाठी आत्याचा नवरा आणि मामा एकच धरावा लागतो, म्हणजे दोन घरांनी एकमेकांच्या मुली करायच्या अशी दोन्ही बाजूंनी सोयरीक, दक्षिणेतल्या द्राविडी धर्तीची. महाराष्ट्रात तर पसंती एकाच बाजूला, मुलाने मामाची मुलगी करण्याला. शिवाय पुरुषाचा ‘भाचा’ बहिणीचा, बाईचा ‘भाचा’ भावाचा. हेही द्राविडी वळणाचंच.

मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे यांनी भारतातल्या नातेव्यवस्थेवरच्या 1953च्या पुस्तकात महाराष्ट्र मध्य विभागात, उत्तर-दक्षिणेच्या सांध्यावर ठेवला, ते पटतं. पण शब्दावरून जुनी विवाहपद्धत ठरवणं मला धाडसाचं वाटतं. ‘मामंजी’ हा निव्वळ आदराचा शब्द धरावा का? आत्याच्या नवऱ्याला ‘आतोबा’ऐवजी ‘मामा’ कुठे, कोणत्या समाजात म्हणतात? तालुका आणि बोलणारी व्यक्ती स्त्री की पुरुष, एवढं नक्की लिहा.