पोस्टफिक्स-डव्हकॉटची रोजची कामं स्क्रिप्टवर टाकायची आहेत, सुरुवात कुठून करू?

शिरपा_लिनक्स
मंडळी, एका शिक्षणसंस्थेचा मेल सर्व्हर माझ्या गळ्यात आहे. डेबियन लिनक्स, मेलची ने-आण करायला पोस्टफिक्स, मेलबॉक्स उघडून द्यायला डव्हकॉट, युजर मारियाडीबी डेटाबेसात. मेलबॉक्स साधारण साडेतीनशे. जूनमध्ये नवी माणसं येतात, मे संपताना कंत्राटी जातात, आणि एकेक नाव मी हाताने टेबलात घालतो. क्यू (पाठवायच्या मेलची रांग) तुंबली हे कुणाचा तरी फोन आला की कळतं. ट्रॅश, सर्टिफिकेट, कोटा (मेलबॉक्सच्या जागेची मर्यादा), सगळं हातानेच. बॅश बऱ्यापैकी येतं, पायथन वाचता येतं. आधी काय उरकू आणि कशात लिहू? 'गूगल वर्कस्पेसवर जा' हा सल्ला कृपया नको, संस्थेने तो ऐकून घेऊन नाकारलाय.

रात्रपाळी
आधी नुसती बघणारी स्क्रिप्ट लिहा, हात लावणारी नंतर. माझ्या मते पहिला नंबर क्यूचा. मेलक्यू कमांडचा मजकूर ऑकने (मजकूर कापणारं टूल) कापत बसू नका, एका मेलला चार प्राप्तकर्ते असले की एंट्री चार ओळींवर पसरते आणि मोजणी गंडते. पोस्टफिक्स ३.१ पासून पोस्टक्यू जेसॉनमध्ये (प्रोग्रामला नीट वाचता येणाऱ्या साच्यात) यादी देतो. ती जेक्यूला (जेसॉन वाचणारं टूल) द्या, पाठवणाऱ्याप्रमाणे मोजा, दर पाच मिनिटांनी. सोबत लॉगमधून सासल-युजरनेमही (लॉगिन करून मेल पाठवणाऱ्याचं नाव) मोजा. एरवी दिवसाला दहा मेल पाठवणारं खातं तासाला पाचशे पाठवायला लागलं, तर पासवर्ड फुटला असंच समजा.

तसं झालं तर आधी खातं बंद, मग त्या पाठवणाऱ्याचे क्यू-आयडी पोस्टसुपरला (क्यूतले मेल हाताळणारी कमांड) देऊन मेल होल्डवर, म्हणजे क्यूतच थांबवून. डिलीट नाही, होल्ड. त्या ढिगात त्याच माणसाने पाठवलेले खरे मेलही असतात. 'डिलीट ऑल' कुठल्याच स्क्रिप्टमध्ये नको.

कोकणकडा
+१. आणि अलर्ट त्याच सर्व्हरवरून मेलने पाठवू नका हो! सर्व्हर आडवा झाला की 'सर्व्हर आडवा आहे' हा मेल त्याच क्यूत पडून राहणार. टेलिग्रामचा बॉट करा, कर्लची एक ओळ पुरते.

शिरपा_लिनक्स
क्यूची स्क्रिप्ट लिहिली. हाताने चालवली की झकास चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कमांड चालवणारी सोय) मात्र काहीच होत नाही. रूटच्याच क्रॉनटॅबमध्ये आहे.

रात्रपाळी
पाथ, म्हणजे कमांड शोधायच्या फोल्डरांची यादी. डेबियनवर क्रॉनटॅबला फक्त यूएसआर-बिन आणि बिन दिसतात, पोस्टक्यू आणि पोस्टसुपर राहतात यूएसआर-एसबिनमध्ये. क्रॉनटॅबच्या डोक्यावर पाथची ओळ लिहा किंवा कमांडचा पूर्ण पत्ता द्या. लगे हाथ एफलॉकही (एका वेळी एकच फेरी चालू देणारं कुलूप) लावा, नाहीतर लॉग मोठा झाला की पहिली फेरी संपायच्या आत दुसरी सुरू होईल.

मावळतीची_मेल
युजर भरण्याबद्दल. हे पायथनमध्येच करा, कारण खरी डोकेदुखी डेटाबेस नाही, कार्यालयातून येणारी एक्सेल फाइल आहे. सीएसव्ही केली तरी सुरुवातीला बॉम (फाइलच्या आरंभीची अदृश्य खूण), शेवटच्या रकान्याला चिकटलेला कॅरेज रिटर्न (ओळ संपल्याची अदृश्य खूण), आडनावापुढे स्पेस, आणि अर्धी नावं जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टात टाइप केलेली. एन्कोडिंग 'यूटीएफ-८-सिग' ठेवलं की बॉम सुटतो. बाकी ट्रिम करा, आणि पत्त्यात इंग्रजी अक्षरं, आकडे, टिंब यांशिवाय काही आढळलं तर ती ओळ बाजूला काढून कार्यालयाला परत पाठवा. अंदाजाने दुरुस्त करू नका, पाटील दोन असतात आणि जोशी तीन.

तीच फाइल दुसऱ्यांदा चालवली तरी काही बिघडू नये: खातं असेल तर पुढे चला, पासवर्ड बदलू नका. पासवर्ड कमांडलाइनवर द्यायचा नाही, पीएस (चालू प्रोग्रामांची यादी) मारणाऱ्या कुणालाही तो दिसतो.

सोडून गेलेल्यांचं खातं फक्त निष्क्रिय करा. पुसायचं काम माणसाने, तेही लेखी पत्र आल्यावर.

शिरपा_लिनक्स
ताई, दोन पाटील खरंच आहेत 😀 ट्रॅशसाठी डव्हअ‍ॅडमचा एक्सपंज (मेल कायमचे पुसणारी कमांड) रात्री लावू का? तीस दिवसांपेक्षा जुनं.

मावळतीची_मेल
लावायचाच असेल तर 'बिफोर' नको, 'सेव्हड-बिफोर' घ्या. बिफोर मेल आल्याची तारीख बघतो. कुणी २०१९ चा मेल काल चुकून ट्रॅशमध्ये टाकला असेल तर तो आज रात्रीच जाईल. सेव्हड-बिफोर त्या फोल्डरमध्ये कधी पडला ते बघतो.

पण खरं तर स्क्रिप्टच नको. डव्हकॉटच्या कॉन्फिगमध्ये ट्रॅशला ऑटोएक्सपंज ३० दिवस लिहा. जे सॉफ्टवेअर स्वतः करतं ते पुन्हा लिहून सांभाळायचं कशाला?

कोकणकडा
सर्टिफिकेटचंही तेच. लेट्स एन्क्रिप्टचं सर्टिफिकेट सर्टबॉट आपणहून नवं करतो, पण डव्हकॉट रीलोड होईपर्यंत जुनंच दाखवत बसतो. सर्टबॉटच्या रिन्यूअल-हुक्स फोल्डरमध्ये डिप्लॉय नावाचं फोल्डर असतं, त्यात दोन ओळींची फाइल ठेवा, पोस्टफिक्स आणि डव्हकॉट दोन्ही रीलोड. एक्झिक्यूट परवानगी द्या.

यामल_यात्री
सगळं अ‍ॅन्सिबलमध्ये (सर्व्हरची कॉन्फिग आपोआप लावणारं टूल) का नाही लिहीत?

रात्रपाळी
एका सर्व्हरच्या क्यूवर नजर ठेवायला अ‍ॅन्सिबल? कॉन्फिग गिटमध्ये ठेवून अ‍ॅन्सिबलने लावायची असेल तर जरूर. दर पाच मिनिटांच्या कामाला बॅश बरा.

शिरपा_लिनक्स
ऑटोएक्सपंज आणि हुक आज लावतो. युजरची स्क्रिप्ट नुसतीच चालवली तर 'काय केलं असतं' एवढंच छापेल, खरं काम वेगळा पर्याय दिल्यावरच, असं ठेवतोय. कोटा भरत आलेल्यांना इशारा कसा देता तुम्ही लोक?

मावळतीची_मेल
डव्हकॉटचं कोटा-वॉर्निंग बघा. ८० आणि ९५ टक्के ठेवा, मजकूर मराठीत लिहा, नाहीतर स्पॅम समजून उडवतात.